देवाशी अबोला

अख्ख्या म्हैसुरात माझ्या काकांइतका देव मानणारा माणूस झाला नाही, आणि देवाशी इतकं उघड वैर धरणाराही झाला नाही. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कापडावर ठशांनी नक्षी छापणाऱ्या रंगाऱ्यांचं. काका शिकले, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागले, पण रंगाऱ्याचं डोकं काही बदललं नाही. नक्षी आहे म्हणजे ती कोरणारा असणारच, हा त्यांचा सिद्धांत. आणि नक्षी त्यांना कुठंही दिसे. लग्नाच्या पंगतीत केळ सोलून ते आधी शेजाऱ्याला दाखवत, साल कशी बेतलीय, सुटते कुठून; तोवर वाढपी पायसम घेऊन पुढे गेलेला असे. एकदा नंजनगूडच्या बसमध्ये त्यांनी एका बाईंचं बाळ मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानाच्या वळ्या सगळ्या प्रवाशांना समजावून सांगितल्या. बाळ रडू लागलं, आई रडवेली झाली, तरी यांचं आपलं चालूच, "नोडी, बघा, हे आपोआप होतं काय? कोणीतरी बसून केलंय, अल्लवा?" त्यांचं "अल्लवा", म्हणजे "नाही का", हा प्रश्न नसे. समोरच्यानं नुसती मान डोलवायची असे.

शेजारी पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक राहत. देव नाही, यावर त्यांची तेवढीच गाढ श्रद्धा. दोघं रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून भांडत आणि भांडण मिटू नये म्हणून एकमेकांच्या घरची कॉफी पीत.

काकांची एकुलती मुलगी सुधा. दुसरीत होती. सुट्टीत आजोळी हुणसूरला गेली आणि ताप घेऊन परत आली. मलेरिया निघाला. तो मेंदूत गेला आणि सुधा गेली.

दिवस झाल्यावर शेजारचे प्राध्यापक आले. माणूस चांगला, पण सांत्वनाला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. हळूच म्हणाले, की हा निव्वळ योगायोग. वर कोणी बसलेलंच नाही, तेव्हा जाब तरी कुणाला विचारणार.

"कोणी नसतं तर मी सुटलो असतो, सर," काका म्हणाले. "तो जंतू डासाच्या सोंडेतून शिरतो, आधी यकृतात दडून बसतो, मग बरोबर रक्तपेशीचंच दार उघडतो. इतकं नेमकं काम योगायोगानं होत नाही. बसून केलंय."

त्या दिवसापासून काकांनी देवाशी बोलणं टाकलं. कुणी प्रसाद आणला तर त्यांच्याकडचं मी खात नाही, म्हणत. जणू देव म्हणजे वाटणीवरून बिनसलेला चुलता. दसऱ्याला सगळं शहर रस्त्यावर लोटे, तेव्हा हे आतून कडी घालून बसत. पण देव नाही असं कुणी म्हणालं की चवताळून उठत. देवाला इतक्या सहज सुटू द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. कॉलेजात मलेरियाचा धडा पूर्वी ते घाईत उरकत. आता रेंगाळत शिकवू लागले. रंगीत खडूंनी तो जंतू फळ्यावर इतका देखणा काढत, की वर्गाला टिपून घ्यायचं भान राहत नसे. घंटा झाल्यावर ते चित्र स्वतःच पुसत, पुसून झाल्यावरही पुसत राहत.

काकूंची पूजा मात्र चालूच होती. काका पूजेसाठी फुलं काढून देत, पण परडी देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवत. उतारवयात काकू अंथरुणाला खिळल्या. त्यांनी काकांकडे एवढंच मागितलं, संध्याकाळी दिवा तेवढा लावा. मी तेव्हा तिथंच होतो. काका इतक्या वर्षांनी उंबरा ओलांडून आत गेले आणि दिवा लावून बाहेर आले.

"अहो, काही बोललात का?" काकूंनी पडल्या पडल्या विचारलं.

"नाही. तोही काही बोलला नाही."

काकू खूप दिवसांनी हसल्या.

पुढे काकूही गेल्या. त्यानंतर एका संध्याकाळी मी गेलो, तर काका देवघरात वात पुढे सारत होते. मला बघून म्हणाले, "लावा म्हणाली होती. थांबवा म्हणून सांगून गेली नाही." मग ते दिव्याकडे पाठ करून तिथंच जमिनीवर बसले. मी शेजारी बसलो. बाहेर काळोख होईपर्यंत आम्ही तिघंही गप्प होतो.