कडुलिंबाखालचा सिग्नल

अकोल्यातल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते. दुचाकीवरून पडलेली माणसं माझ्या टेबलावर येतात आणि मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, "हेल्मेट कुठे होतं?" हा प्रश्न विचारायची माझी एक पद्धत आहे. आधी प्लेट लावायची, दिवा जागेवर आणायचा, मग कमरेवर हात ठेवून, जरा थांबून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारायचं. रांग वगैरे काही नसते. खोलीत मी आणि तो विव्हळणारा, दोघंच. पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी लागोपाठ तीन वर्षं खलनायकाचं काम केलेलं आहे, ते अंगातून जात नाही. उत्तरं ठरलेली असतात. घरी. डिक्कीत. "मॅडम, इथंच तं चाललो होतो." एकाने सांगितलं होतं, की हेल्मेट बायकोच्या मांडीवर होतं आणि त्यात अर्धा किलो पेढे होते.

मी स्वतः मोटारसायकल चालवते. स्कूटी नाही, गिअरची, आवाज करणारी, टाकीला गुडघे लावून बसायची. अडतिसाव्या वर्षी शिकले. त्याआधीची पंधरा वर्षं मी घरात एक वाक्य बोलत आले होते. "सोडता का मला?" नवऱ्याला विचारायचं, तो पेपरातून डोकं वर काढेपर्यंत उभं राहायचं, मग दिराला विचारायचं, मग शेजारच्यांना. दवाखान्यातून तातडीचा फोन आला की तिकडे कोणाचं तरी हाड मोडलेलं असायचं आणि इकडे मी चप्पल घालून दारात, सोडता का. गाडी घेतली त्या दिवसापासून ते वाक्य मी बंद केलं. आजही ते आठवलं तरी मला चिडायला होतं. गाडी माझ्यासाठी काय आहे, ते यावरून समजा.

आता सिग्नलकडे येते. आम्ही राहतो जुन्या शहरात. मोर्णा नदीचा पूल ओलांडून पुढे गेलं की एक चौक लागतो आणि त्याच्या चाळीसेक पावलं अलीकडे एक दांडगा कडुलिंब आहे. मे महिन्यातल्या अकोल्याची दुपार ज्याने डोक्यावर घेतलेली नाही त्याला मी हे समजावून सांगू शकणार नाही, पण सिग्नल लाल झाला की आमच्याकडे कोणी पांढऱ्या पट्ट्यावर थांबत नाही. सगळे त्या कडुलिंबाखाली थांबतात. पट्टा रिकामा, चौक रिकामा, आणि चाळीस पावलं मागे पंचवीस-तीस दुचाक्या एकमेकींना खेटून उभ्या. बाहेरगावचा माणूस आला तर त्याला वाटेल इथे काही तरी वाटप चालू आहे.

त्यातली खरी गंमत अशी, की दुपारी ती सावली पडते रस्त्याच्या उजव्या अर्ध्या भागात, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या वाटेवर. त्याचं कोणालाच काही वाटत नाही. उलट त्या सावलीला तिचे रीतिरिवाज आहेत. लेकरू मांडीवर असलेल्या बाईला बुंध्याजवळची जागा. म्हाताऱ्यांना त्याच्या शेजारची. मागून आलेल्यासाठी पुढे उभा असलेला आपलं चाक वळवून फट करून देतो. तिथे लग्नं ठरण्याइतक्या गप्पा होतात. आणि सिग्नलच्या पाटीवर आकडा दहावर आला की इंजिनं सुरू, तीनवर आला की सगळे सुटले. ज्याला डावीकडे जायचं तोही उजव्या कडेवरून अख्खा रस्ता तिरपा कापत.

मी त्या झाडाखालची जुनी सभासद. माझी जागा ठरलेली होती. मी पांढरा सनकोट घालायची, दुपट्टा डोळे सोडून सगळीकडे गुंडाळायची आणि मागे गाठ मारायची. त्या गाठीवर हेल्मेट बसायचं नाही, म्हणून हेल्मेट आरशाला टांगलेलं.

हो, आरशाला. हसून घ्या.

एप्रिलमधल्या एका दुपारी आकडा तीनवर आला आणि मी सुटले. मला डावीकडे वळायचं होतं. कानावर दुपट्ट्याचे तीन पदर, त्यामुळे मागचा हॉर्न मला ऐकूच आला नाही. डाव्या बाजूने, म्हणजे जी खरी आमची बाजू, एक कूलर दुरुस्त करणारा मिस्त्री सरळ चालला होता. तोवर सिग्नल हिरवा झाला म्हणून तो न थांबता निघाला होता. त्याचं सगळं बरोबर होतं. माझं पुढचं चाक त्याच्या पायाजवळ लागलं. तो गुडघ्यावर घसरला, मी डाव्या हातावर पडले, आणि त्याने मागे बांधलेला कूलरच्या गवताचा भारा सुटून माझ्या अंगावर आला. लोक धावले तेव्हा मी घरट्यात बसल्यासारखी दिसत होते.

मिस्त्री उठला, गुडघा झटकला आणि मोठ्या बहिणीला मारावी तशी हाक मारून मला म्हणाला, "बाजी, रस्ता इकडून येतो. तुमी झाडातून कुठून निकलल्या?"

मग आमच्याकडे होतं ते झालं. गर्दीने तिथल्या तिथे निकाल लावायला घेतला. गर्दी कोण, तर सगळी झाडाखालची मंडळी.

"काकूची काहीच चुकी नाही. हा जोरात होता."

"मंग काय! रिकाम्या रोडवर असा कोणी आनते का गाडी?"

"आमी रोज इथूनच निंगतो ना बे!"

तीस जण एका बाजूला आणि मिस्त्री एकटा. मी गवतातून हात वर केला, उजवा, कारण डावा वर होत नव्हता, आणि माझ्या गॅदरिंगच्या आवाजात म्हणाले, "गप बसा सगळे! चुकी माही आहे. हा मानूस सरळ चालला होता, मीच आडवी आली."

झाडाखालच्यांना हे अजिबात आवडलं नाही. एक जण पुटपुटलासुद्धा, "चांगलं बोलून राहिलो तं हिलेच नको." मिस्त्रीने मात्र माझी गाडी उचलून कडेला लावली, स्टँड लावलं आणि आरशाचं हेल्मेट काढून माझ्या मांडीत ठेवलं. मग तो रस्त्यावरचं गवत गोळा करायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दवाखान्यात मला रिक्षाने नेलं. माझ्याच टेबलावर, माझ्याच दिव्याखाली मी डावा हात ठेवला. आमच्याकडचा दुसरा तंत्रज्ञ, दोन मुलांचा बाप, इतक्या आनंदात मी त्याला पगाराच्या दिवशीही पाहिलेलं नाही. त्याने प्लेट नीट लावली. दिवा आणला. कमरेवर हात ठेवले. थांबला. आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, हेल्मेट कुठे होतं?"

"आरशाला."

"अरे वा! म्हंजे आरशाचं डोकं वाचलं."

मनगटाजवळचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. तेही डाव्या हाताला, म्हणजे क्लचच्या.

घरी त्याच संध्याकाळी बैठक बसली. नवरा कृषी खात्यातून नुकता निवृत्त झालेला, त्यामुळे बैठकांची सवय. मुलगी पुण्याहून मोबाईलच्या पडद्यावर. अमरावतीचा दीर फोनच्या स्पीकरवर.

"आता बस झालं वो," नवरा म्हणाला. "गाडी इकून टाकू. तुले काही झालं असतं म्हंजे?"

"आई, बाबा बरोबर बोलताहेत," पुणे म्हणालं.

"वहिनी, माह्याजवळ गिऱ्हाईक आहे," अमरावती म्हणाली. "तुमचा हात मोकळा झाला का पुढच्या रविवारी घेऊन येतो. गाडी त्याले पसंत आहे."

"आन् मी दवाखान्यात कशी जाऊ?"

नवऱ्याने छाती फुगवली. "मी सोडत जाईन तुले. मले काय काम आहे आता?"

मला मनगटापेक्षा ते वाक्य जास्त दुखलं. पंधरा वर्षं ज्या दारात मी चप्पल घालून उभी राहिले होते, त्याच दारात पन्नाशीनंतर पुन्हा उभं राहायचं. आणि दुःख हे, की तो प्रेमाने म्हणत होता. भांडखोर माणसाशी मी सहज भांडते. प्रेमळ माणूस फार वेळ खातो.

मी कबूल झाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पंजाला ताकद येऊ द्या. त्या दिवसापासून कणीक मी मळायला घेतली. दोन्ही वेळची, आणि फक्त डाव्या हाताने. नवरा खूश, बाई ताळ्यावर आली, घरात रमली. तो पोळ्या खात होता आणि मी क्लच दाबत होते.

गिऱ्हाईक यायचा रविवार चार दिवसांवर आला तेव्हा मी जेवताना म्हटलं, "अहो, एक करा. परवा, शुक्रवारी, माह्या मागं बसा. घर ते दवाखाना, भर दोन वाजता. वाटेत एकदाही भेव वाटलं तं गाडी तुमच्या भावाच्या गिऱ्हाईकाले. नाही वाटलं तं पुन्हा हा विषय काढाचा नाही."

"एकदाच वाटलं तरी?"

"एकदाच."

तो हसला. माझ्या मागे तो जन्मात बसला नव्हता. त्याला खात्री होती की घराच्या गल्लीतच तो जिंकेल.

शुक्रवारी निघायच्या आधी मी त्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि पट्टा लावला. "कढईत डोकं ठेवल्यावानी वाटून राहिलं," तो म्हणाला. त्याच्या गळ्यातल्या गमछाची दोन्ही टोकं मी शर्टात खोचली. चाकाने ओढलेले गमछे आणि त्यांचे मालक, दोन्ही मी टेबलावर पाहिलेले आहेत. माझ्या डोक्याला आता पातळ सुती टोपी, वर हेल्मेट, दुपट्टा फक्त गळ्यापुरता. कान मोकळे.

जुन्या शहराच्या गल्ल्यांतून मी दुसऱ्या गिअरमध्येच राहिले. पुढे रिक्षा होती. रिक्षावाला हात दाखवेल न दाखवेल, मी त्याच्या पुढच्या चाकाकडे बघते, ते आधी वळतं. ते वळलं, मी हळू झाले, रिक्षा मध्येच उभी राहिली आणि आमच्यात चांगलं दोन हात अंतर उरलं. मागून आवाज आला नाही. मोर्णेच्या पुलावर एक जण दुधाचे कॅन लावून उलट्या बाजूने आला, त्याला मी वाट दिली आणि वर मान डोलावली. मागून तरीही काही नाही. मी आरशात पाहिलं. नवरा डोळे मिटून बसला नव्हता. त्यालाही आश्चर्य वाटत असावं.

मग चौक. सिग्नल नुकताच लाल झालेला, पाटीवर नव्वद.

मी कडुलिंबावरून पुढे गेले आणि थेट पांढऱ्या पट्ट्यावर, डाव्या बाजूला, गाडी थांबवली. अख्ख्या रस्त्यावर आम्ही दोघंच. वरून ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं.

झाडाखालून ओरडा सुरू झाला. "ओ काकू! जागा हाय ना इथं!"

"काकू रुसल्या वाटते आपल्यावर!"

"काकालेही भाजून राहिली ती!"

मी मान वळवली नाही. ऐंशी. पंचाहत्तर.

"अवो," मागून आवाज आला, "घे ना तिकडं."

"कुठी?"

"सावलीत वो! सगळे तं तिथंच आहेत. डोक्याचं भरीत झालं माह्या."

"मी इथंच थांबन."

"अवो, एक मिनिटाचा तं प्रश्न आहे!"

"मंग एक मिनिट थांबा."

साठ आकडा आला तेव्हा गाडी एकदम हलकी झाली. नवरा उतरला होता. माझा परीक्षक, माझ्या जिवाच्या काळजीने गाडी विकायला निघालेला माणूस, हेल्मेट काढत काढत चाळीस पावलं मागे चालत गेला आणि कडुलिंबाखाली उभा राहिला. त्यांनी त्याला बुंध्याजवळची जागा दिली, म्हाताऱ्यांच्या शेजारची. मला आरशातून सगळं दिसत होतं. हसू इतकं आलं की हेल्मेटची काच धुरकट झाली.

दहा. इंजिनं सुरू. तीन. सुटले! तीस दुचाक्या माझ्या नाकासमोरून तिरप्या गेल्या, डावीकडचे उजवीकडून, उजवीकडचे कुठूनही. समोरून येणाऱ्या एका मोठ्या गाडीने कचकन ब्रेक मारला. मी सिग्नल हिरवा होऊनही मनात पाच मोजले, दोन्हीकडे पाहिलं, आणि सगळे गेल्यावर हिरव्या सिग्नलची राणी असल्यासारखी डावीकडे वळले. वळून पुढे उसाच्या रसाच्या गाडीपाशी कडेला थांबले.

नवरा बऱ्याच वेळाने चालत आला. तोंड लालबुंद. दोन ग्लास रस प्यायला, तेव्हा बोलता झाला.

"भेव वाटलं का?" मी विचारलं.

तो खोटं बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे आणि मला त्याचा नेहमी उपयोग होतो. "गाडीवर नाही वाटलं."

"मंग कुठी वाटलं?"

"झाडाखाली. ते सगळे एकदम सुटले ना वो, मी बुंध्याले चिपकलो. एकाचं हँडल माह्या पोटाले घासून गेलं." पोटावर हात फिरवत तो म्हणाला, "तू रोज तिथंच उभी राहे?"

"रोज."

त्याने तिसरा ग्लास घेतला नाही. मोबाईल काढून अमरावतीला फोन लावला आणि भावाला सांगितलं, की गिऱ्हाईकाला घेऊन येऊ नको, गाडी विकायची नाही. तिकडून काही तरी लांबलचक विचारणं झालं. "तू ये इकडं, दोन वाजता," नवरा म्हणाला, "मंग समजते तुले," आणि फोन बंद केला.

माझ्या ड्यूटीला अजून वीस मिनिटं होती. नवऱ्याने पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, माझ्या गाडीच्या मागच्या सीटकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "सोडते का मले घरी?"

मी गाडी स्टँडवर लावली. कमरेवर दोन्ही हात ठेवले. थांबले. आणि रसाच्या गाडीवरचे सगळे वळून बघतील अशा आवाजात विचारलं, "हेल्मेट कुठी आहे?"

त्याने डोक्याला हात लावला. मग कडुलिंबाकडे वळून पाहिलं.

तो परत चालत गेला, भर उन्हात, कपाळावर हात धरून. मी थांबले.