निशिगंधाची फिल्म आणि आप्पांची खुर्ची

आप्पांची निशिगंधा बागेतल्या नेपाळ्याचा हात धरून पळाली, ही बातमी पावसच्या किराणा दुकानात सकाळी नवाला पोचली आणि दहापर्यंत दोघं गोरखपूरला उतरलीसुद्धा. साडेदहाला निशिगंधा स्वतःच दुकानात आली आणि तिने अर्धा किलो साखर मागितली. सगळ्यांची मोठीच निराशा झाली.

खरं इतकंच होतं, की चौतीस वर्षांची, लग्नाचं नाव न काढणारी ही मुलगी तीन महिने रोज आप्पांच्या कातळावरच्या हापूस कलमांच्या बागेत जात होती. मुंबईत जाहिरातींच्या फिल्मा जोडून कंटाळली आणि गावी परतली. आता कॅमेरा, माइक नि लॅपटॉप घेऊन बागेतल्या नेपाळी माणसांवर काहीतरी करत होती. काय, ते तिच्या वडिलांना, आप्पांनाही सांगता येत नसे. "डिजिटल कला," ते म्हणत; न कळणाऱ्या दुखण्याचं नाव सांगावं तसं.

नेपाळी काय गावाला नवीन नाहीत. मोहोराआधी येतात, मिरगाच्या आत जातात. वानर हाकलतात, फवारणीचे पाइप ओढतात, बागेतल्या खोपटात, मांगरात राहतात. गाव सगळ्यांना मिळून 'गुरखा' म्हणतं. आप्पांच्या गुरख्याचं नाव खिमानंद आहे, हे अकरा हंगामांनंतर निशिगंधानेच गावाला सांगितलं.

फिल्म झकास जमली होती. खिमानंद पत्र्याचा डबा बडवत वानरांमागे धावतोय, तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवतोय, टाकीवर उघड्यात आंघोळ करतोय. सोमवारी ती पुण्याच्या एका कलासंस्थेला पाठवायची होती, त्याआधी रविवारी संध्याकाळी पॅकिंग शेडच्या भिंतीवर गावाला दाखवायची. शनिवारी तिने ती खिमानंदला दाखवली. माणूस पोट धरून हसला. मग म्हणाला, "ताई, हे मोबाइलवर येणार?"

"येणार म्हणजे काय, जगभर दिसेल!" तिला वाटलं, खूश होईल.

त्याने लॅपटॉप हलकेच तिच्याकडे सरकवला. म्हणाला, "पोरीचं लग्न जमलंय. घरी, व्याह्यांकडे, सगळ्यांना सांगितलंय, बाप आंब्याच्या कंपनीत मॅनेजर."

निशिगंधा त्या दिवशी जेवली नाही. तीन महिन्यांत तिने त्याला शंभर प्रश्न विचारले होते. 'घरी काय सांगितलंत?' हा तेवढा राहिला होता. फिल्म काढायला त्याने 'हो' म्हटलं होतं, खरं. पण मालकाच्या मुलीला 'नाही' कोण म्हणणार?

चेहरा पुसट करावा, तर चालण्यावरून बायको ओळखेल. नुसता आवाज ठेवावा, तर मुलगी. रविवारी दुपारपर्यंत बसून तिने खिमानंदला फिल्ममधून पुरता काढला. मग त्याच्याकडे जाऊन विचारलं, "तुम्हाला कसं दिसायचंय?"

उत्तर तयार होतं. आप्पांची खुर्ची, पुढे टेबल, कानाला फोन. आप्पांनी आपला इस्त्रीचा शर्ट दिला. कुरकुरत दिला, पण दिला. तसं बसवून काढलेली क्लिप निशिगंधाने त्याच्या मोबाइलवर टाकली आणि स्वतःकडची पुसून टाकली.

संध्याकाळी भिंतीवर दिसली ती धुमसती चूल, दोरीवरची चादर, हलत्या फांद्यांतून पळणारी वानरं. डबा वाजत होता, बडवणारा कुठेच नव्हता. बाया माना उंचावून त्याला शोधत होत्या. खिमानंद मागे, भिंतीला टेकून उभा होता.

लवूआण्णा म्हणजे पंचायतीचे माजी सदस्य आणि वाडीतल्या सगळ्या विषयांचे कोणी न नेमलेले न्यायाधीश. शर्टाची खबर त्यांना दुपारीच लागली होती. दिवा लागताच ते सगळ्यांदेखत म्हणाले, "काय गो, खरं दाखवायला निघालेलीस ना? तीन महिने खपलीस नि माणूसच गायब! वर त्याला बापाच्या खुर्चीत बसवून खोटं चित्र काढून दिलंस. ही कसली गो तुझी कला?"

निशिगंधा प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होती. तिने मान वर केली.

"लवूआण्णा, तुमचे वडील तीस वर्षं मुंबईहून घरी पत्रं लिहायचे. आपण तिथे कुठे झोपतो, ते एकात तरी लिहिलंनी काय?"