कोरी वेष्टी आणि माझ्या लेकीची नजर

मंडळी, भजनमठाच्या फळ्यावर हे मुद्दाम टाचते आहे. येता-जाता वाचा.

आज दुपारी तिरुभुवनमहून आमच्या रुक्मिणीला बघायला पाहुणे आले होते. सोज्जी-बज्जी, म्हणजे शिरा-भजी, खाऊन झाल्यावर मुलाच्या मामांनी सोबत आणलेल्या ताटातली नवी पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, उलगडली, तिचा कोरा भाग रुक्मिणीच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "इथं बघत राहा, मुली." ही त्यांच्या घरची रीत म्हणे.

थोड्या वेळानं तिचे डोळे भरकटले. मामा मुलाच्या आईला म्हणाले, "नजर ठरत नाही. दोष आहे."

माझं डोकंच फिरलं. मी जन्मभर भरतकाम करते. कोऱ्या कापडावर कोणाचीच नजर ठरत नाही, डोळ्याला धरायला काहीतरी बारीक लागतं. म्हणून तर आपण आधी पेन्सिलीचा ठिपका देतो.

मी वेष्टी ओढून घेतली आणि मामांसमोर धरली. "आता तुम्ही बघा."

त्यांचेही डोळे तरंगायला लागले. मग मी जरीचा काठ पुढे केला, तर बारीक रेघांवर ते लगेच स्थिर झाले. मुलाची आई मात्र म्हणाली, "तरी आमच्यात असंच बघतात."

मी त्यांना सरळ दार दाखवलं.

तासभर बसली होती माणसं. रुक्मिणीनं भरलेला पडदा समोरच होता, त्यातला एक टाका कोणी पाहिला नाही. तिला काय येतं, काय आवडतं, हेही कोणी विचारलं नाही. माझी मुलगी त्यांना कोरं कापडच वाटली.

मग तुम्हीच सांगा, नजर कोणाची ठरत नव्हती?