मोडलेली ओळ

मुलांनो, तुरुंगातल्या बायकांना शिकवायला जाते, तेव्हा मागे दार लागलं की मी अजून दचकते.

काल कैद्यांच्या मोजणीला सगळ्या ओळीत उभ्या होत्या. कविता लिहिणारी शेवंता जरा पुढे सरकली. पहारेकरीण खेकसली, "कवयित्रीबाई, ओळ मोडू नका."

नंतर शेवंताने कविता दाखवली. एका ओळीत फक्त 'मी' होतं.

"वाक्य पूर्ण कर," मी म्हटलं.

"नाही बाई, ती ओळ मीच मोडलीय. इथे तेवढंच माझ्या हातात आहे." मग तिने कागदाची घडी घातली. "उद्या सुटतेय. घरी लिहू देतील?"

तुरुंगात मिळालेली मोकळीक घरी हरवेल, ही भीती माझ्या मनात कधी आलीच नव्हती. मी बाहेर आले, मागे दार लागलं, आणि या वेळी बाहेर असूनही मी दचकले.