पोळ्याच्या घंट्या

दारव्ह्यात बैलांच्या पितळी घंट्या घडवणारे चाचा रोज माझ्या दुकानात येतात. मी विकायला ठेवलेली स्वस्त चिनी घंटी कानाशी धरून वाजवतात, उलटी करून पाहतात. मला मान वर करवत नाही. यंदा त्यांची भट्टी एकदाच पेटली.

पोळ्याआधी एका शेतकऱ्यानं त्यांनाच विचारलं, "चाचा, कोनती घेऊ?"

चाचांनी दुकानातली चिनी आणि पिशवीतून काढलेली आपली पितळी, दोन्ही वाजवल्या. "मिरवाले हे चिनी बरी. बैल रानात हरवला, तं माही दुरून ऐकू येते."

"बैल कुठी हरवते आता? ट्रॅक्टर हरवला तं येतो तुमच्याकडं!"

"त्याले हॉर्न हाये ना बाप्पा!" चाचा खळखळून हसले आणि चिनी घंटी स्वतःच कागदात बांधून त्याला दिली. पैसे तेवढे मी घेतले.