नसलेल्या गिझरच्या चार तक्रारी

आमच्या घरात गिझर नव्हता, तेव्हा मी चार कंपन्यांकडे गिझर बिघडल्याची तक्रार नोंदवली होती.

हे वाचून माझ्या डोक्याबद्दल शंका येणारे तुम्ही पहिले नाही. तो मान आमच्या ह्यांचा आहे. मी आष्ट्याच्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवते आणि चौकशी केल्याशिवाय घरात सुतळीचा तोडासुद्धा आणत नाही. साधा कुकर घ्यायचा तर तीन घरी जाऊन त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून येते. हे साखर कारखान्याच्या ऑफिसात असतात आणि घरी फार बोलत नाहीत. पण एकदा म्हणाले होते, "आयुष्यात तू एकच वस्तू चौकशी न करता घेतलीस, ती म्हणजे मी."

गिझरची गरज आम्हा दोघांना नव्हती. बादलीत हीटरची कांडी सोडून आमचं भागत होतं. गरज होती ती आक्कासाठी. आक्का म्हणजे माझी आई. ती उंब्रजला एकटी राहायची. भाऊ फौजेत, वहिनी आणि मुलं त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये. गेल्या थंडीत पहाटे बंबात ढलप्या घालताना आक्काचा पदर पेटता पेटता राहिला. तिनं तो चिमटीत धरून विझवला, आंघोळ केली, देवपूजा केली आणि ही गोष्ट मला दोन महिन्यांनी, लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल बोलता बोलता सांगितली. त्या दिवसापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे.

"आक्का, तू आष्ट्याला ये. इथंच राहा," मी शंभरदा म्हटलं.

"येती की. पर मला पाचाला कढत पाणी लागतंय. आन माझ्यापायी घरातलं कुणी पाचाला उठलं, की त्याच दिवशी मी उंब्रजच्या गाडीत. आधीच सांगती."

म्हणजे कुणाला न उठवता, बटण दाबलं की पाणी, आणि एक दिवससुद्धा खाडा नाही. खाडा पडला की आक्का परत त्या बंबापुढं. आता सांगा, असा गिझर मी दुकानदाराच्या शब्दावर घेणार होते का?

दुकानं मी चार फिरले. चारही दुकानांत चार वेगळ्या कंपन्यांचे गिझर मांडलेले आणि चारही दुकानदारांचं म्हणणं एकच. "मॅडम, सर्व्हिसचं टेन्शन घेऊच नका. फोन केला की कंपनीचा माणूस चोवीस तासांत दारात." खरं कोण बोलतंय हे कळायला मार्ग नव्हता. वर्गात असा प्रश्न आला की मी चाचणी परीक्षा घेते. इथंही तेच करायचं ठरवलं. वही काढली, चार रकाने आखले. निळी कंपनी, लाल कंपनी, हिरवी, पिवळी. (खोक्यांच्या रंगावरून. नावं सगळ्यांची परदेशी मावशीसारखी वाटत होती.) खाली मुद्दे लिहिले: फोन किती वेळात उचलतात, नीट बोलतात का, माणूस किती तासांत येतो.

शुक्रवारी संध्याकाळी मी बिघाड वाटून टाकले. निळीला सांगितलं, पाणी तापत नाही. लालला, पाणी गळतं. हिरवीला, तापायचं थांबतच नाही. पिवळीला, हात लावला की झटका बसतो. मशीनचा नंबर विचारला तेव्हा, "घासून गेलाय हो, वाचता येत नाही," असं सगळीकडे इतक्या दुःखानं सांगितलं की लाल कंपनीच्या मुलीनं मला धीर दिला. हिरवीची मुलगी मात्र बराच वेळ मला मध्य प्रदेशातल्या आष्ट्याला नेऊन सोडत होती. संशय नको म्हणून तक्रारी चार नावांवर केल्या. एक माझी, एक ह्यांची (अशोकराव), एक पुण्यात शिकणाऱ्या मुलाची, एक आक्काची. फोन नंबर मात्र चारही ठिकाणी माझाच दिला! सव्वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईच्या हे लक्षात आलं नाही, यावरून माझ्या विद्यार्थ्यांच्या निकालाचा अंदाज यावा.

हे शांतपणे ऐकत होते. "आणि माणूस आला की त्याला काय दाखवणार?"

"आपोआप सुरू झाला म्हणून सांगणार."

"न लावलेला गिझर आपोआप सुरू झाला," हे म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी घरी आले, तोच दारात स्कूटी थांबली. निळा शर्ट, इस्त्री केलेला. वहीत लिहिलं: एकोणीस तास. उत्तम.

"बाई, वळाकलं न्हाई व्हय? मी महावीर. धा वर्सांमागं दहावी ब ला हुतो."

आता तर पंचाईतच झाली. विद्यार्थ्यासमोर खोटं बोलायचं म्हणजे जीभ जड होते. "महावीर, अरे तो गिझर आत्ताच सुरू झाला बघ. आपोआप."

"लय बेस झालं. नंबरपट्टीचा एक फोटो काढतो आन जातो. फोटोबिगर तक्रार बंद व्हत न्हाई."

"बाथरूममध्ये हे आहेत रे. आंघोळ चाललीय."

हे त्या वेळी स्वयंपाकघरात पिठल्यात भाकरी कुस्करत होते. मी आत गेले, ताट सरकवलं, ह्यांना दंडाला धरून बाथरूममध्ये घातलं आणि कुजबुजले, "पाणी ओता."

"कुणावर?" हे म्हणाले. सकाळची आंघोळ होऊन सहा तास झाले होते.

बाहेर येऊन बघते तर महावीर कट्ट्यावर बसलेला. त्याच्या फोननं टिंग केलं. त्यानं स्क्रीनकडं बघितलं, घराच्या पाटीकडं बघितलं, उठून स्कूटीजवळ गेला, डिकी उघडली, निळा शर्ट काढून लाल घातला आणि परत येऊन बेल वाजवली. दार उघडंच होतं. मी समोरच उभी होते.

"नमस्कार. अशोकराव हितंच राहत्यात का? त्यांच्या गिझरची गळती हाय."

"महावीर, तू आत्ताच निळ्या शर्टात होतास."

"ते त्या कंपनीचं झालं. ही दुसरी कंपनी. दारात त्यांच्या शर्टात फोटो काढून टाकाय लागतोय बाई, त्याबिगर हजेरी लागत न्हाई."

"म्हणजे या दोन्ही कंपन्यांचा माणूस तूच?"

"दोन्ही? आष्ट्यात चारी कंपन्यांचा मीच. हिरवा डिकीत हाय. पिवळा धुवाय टाकलाय."

वहीतले चारही रकाने माझ्या डोळ्यांपुढं एकमेकांत मिसळले. तेवढ्यात पुन्हा टिंग झालं आणि महावीर हिरवा झाला.

"बाई, तुमच्याकडं गिझर तरी किती हायत?"

"तीन," मी म्हटलं. बोलून गेले. शब्द परत घेता येत नव्हता.

"आन बाथरूमा?"

बाथरूम एकच होती. तिच्यातून तांब्यामागून तांब्या ओतल्याचा आवाज येत होता आणि अधूनमधून रामरक्षेची एखादी ओळ, बरीच थरथरत.

"सरांची आंघोळ लय येळ चाललीया," महावीर काळजीनं म्हणाला.

यातून मी कशी बाहेर पडणार होते, देव जाणे. पण त्याच क्षणी दारात एक टेंपो येऊन थांबला. त्यात हळदीची पोती, पोत्यांवर तांब्याचा बंब आणि ड्रायव्हरशेजारी मांडीवर पिशवी घेऊन माझी आक्का! ती रविवारी यायची होती. शेजारच्या नानांचा टेंपो सांगलीला हळद घेऊन निघाला, मग एस्टीत गुडघे कशाला दुखवायचे म्हणून एक दिवस आधीच आली. बंब का आणला, हे मी विचारलं नाही. तिचा माझ्या गिझरवर जितका अविश्वास होता, तितका तो बंब चकाकत होता.

महावीरनं पुढं होऊन तिला हात दिला, बंब उतरवून घेतला आणि फोन बघत अदबीनं विचारलं, "आनंदीबाई तुमीच का? तुमाला झटका बसल्याची तक्रार हाय."

"कशाचा झटका?"

"गिझरचा."

"आरं लेकरा, गिझर घेतलाय कुठं हिनं? आजून चौकशी चाललीया म्हणून सांगत हुती की काल फोनवर."

एवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि टॉवेल गुंडाळलेले हे दात वाजवत बाहेर आले. "झाली का गं तुझी चाचणी? गार पाण्यानं मरायला आलोय मी."

महावीर रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता कट्ट्यावर बसला. जेवणाचा डबा अर्धा टाकून तो आला होता. मी चहा केला, वही दाखवली, माफीही मागितली. विद्यार्थ्याची माफी मागायची सवय नसल्यामुळं ती जरा रागावल्यासारखीच बाहेर पडली.

"ऱ्हाऊ द्या बाई," तो म्हणाला. "पर शेरा लिवाय लागंल. चारीकडं."

"नुसतं तक्रार मिटली म्हणून लिही की."

"रीत दाखवल्याबिगर मार्क न्हाईत, असं तुमीच म्हणायचा. माझं उत्तर बरोबर हुतं तरी तुमी दोन मार्क कापलं हुतं." आणि माझ्यासमोर त्यानं चारही कंपन्यांना तोच शेरा लिहिला: ग्राहकाकडे यंत्र नाही.

आक्का हे सगळं लक्ष देऊन ऐकत होती. "आन काय रं, ह्या कंपनीचा मालक कवा येऊन बघतो का, मशीन बरं चाललंय का न्हाई ते?"

"मालकानं मलाबी कवा बघितलं न्हाई आक्का."

"आमचा बंब केल्याला कराडचा तांबट दर दिवाळीच्या आधी येऊन इचारायचा. तोटीला डाग द्यायचा, च्या पिऊन जायचा. तो गेला, आता त्याचा ल्योक येतोय. बोलवाय लागत न्हाई."

माझ्या वहीत या मुद्द्याला रकानाच नव्हता. मी महावीरला विचारलं, "मग यातला चांगला कुठला, तूच सांग."

"कुठलाबी घ्या बाई. येणार मीच."

मी निळा घेतला. अकरा दिवसांच्या चौकशीनंतर कारण एवढंच, की चौघांत तोच शर्ट इस्त्रीचा होता. महावीरनं रविवारी सकाळी येऊन तो बसवला. आक्कानं पाण्यात बोट बुडवलं आणि मान डोलावली. बंब परसात उलटा घालून मी त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. चार दिवस मी घरात राणीसारखी वावरत होते.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, पहाटे पाचला आक्कानं बटण दाबलं. दिवा लागला, पाणी तापलं नाही. बिघाड तोच, जो मी निळ्या कंपनीला आधीच कळवून ठेवला होता.

मी फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "मॅडम, या नंबरवर आमचं यंत्र नाही, असा शेरा आहे."

"आता आहे! आता घेतलंय!"

"तपासणी केल्याशिवाय नवीन तक्रार घेता येत नाही, मॅडम. आमचा तंत्रज्ञ येऊन यंत्र असल्याची खात्री करेल."

तंत्रज्ञाला मी थेट फोन केला. मागं घंटा वाजत होत्या. "बाई, मी घरच्यांस्नी घिऊन देवाला आलोय, कर्नाटकात. सोमवारी येतो."

"तोवर दुसरं कुणी नाही का रे?"

"दुसरं कोण? चारी मीच की."

मी वळून बघितलं तर आक्का पिशवीत लुगडं घडी करून ठेवत होती. रागानं नाही. ठरल्याप्रमाणं. तिनं अट आधीच सांगितली होती आणि तिच्यासाठी घरातलं एक माणूस पाचाला उठून फोनवर भांडत होतं. मला एकदम रडू आलं. माझा गिझर, माझी वही, माझी अक्कल, सगळं गेलं तरी चाललं असतं. पण ही परत एकटी त्या बंबापुढं बसणार, पदर सावरत, आणि मला दोन महिन्यांनी कैऱ्यांच्या निमित्तानं काहीतरी कळणार, हे मला सहन होईना. मी तिला तसं म्हटलं. "मला भीती वाटते गं आक्का. तू एकटी नको राहूस."

तिनं लुगड्याची घडी पिशवीत दाबली. मी डोळे पुसले आणि परसात जाऊन तुळशीची कुंडी उतरवली, बंब सरळ केला, पाणी भरलं, मधल्या नळीत मूठभर ढलप्या कोंबल्या, वर कालचा पेपर पेटवून टाकला. धूर झाला. फक्त धूर. शेजारची खिडकी उघडली आणि पटकन बंद झाली. मी फुंकर घातली तर राख उडून चष्म्यावर बसली.

"आगं आगं! वरनं न्हाई पेटवत. जाळी मोकळी कर. आधी शेणीचा तुकडा, मग बारीक काटकी. ढलपी मागनं." आक्का दाराच्या पायरीवर येऊन उभी होती. मग ह्यांनी तिला स्टूल आणून दिलं आणि ती बसली, बंबापासून चांगली चार हात लांब. जाळ धरायला मला तीन वेळा खटपट करावी लागली. पाणी साडेसहाला तापलं.

आंघोळ करून आली तेव्हा तिनं पिशवीतलं लुगडं काढून दोरीवर टाकलं. "शिकून सवरून बाई झालीस, आन साधा बंब पेटवाय येत न्हाई तुला. आशीला टाकून मी उंब्रजला कुठल्या तोंडानं जाऊ?"

सोमवारी महावीर आला, गिझर असल्याची खात्री केली, दुरुस्त केला आणि माझ्याकडून ओटीपी घेतला. तो गिझर तेव्हापासून उत्तम चालतो. त्याच्या पाण्यानं हे एकटेच आंघोळ करतात, त्या शनिवारचं उट्टं काढल्यासारखी, बराच वेळ. आक्काला बंबाचं पाणी लागतं आणि स्टुलावरून हुकूम सोडायला मी. महिन्याभरानं महावीर सहज डोकावला आणि तिला म्हणाला, "काय आक्का, बंबाची सर्व्हिस कशी हाय आष्ट्यात?"

"मशीन झ्याक हाय," आक्का म्हणाली. "पर कंपनीची बाई चार हाका मारल्याबिगर उठत न्हाई."

महावीरनं खिशातून फोन काढला. "बाई, शेरा लिवू का?"

मी त्याला गप्प बसवलं आणि माझी वही काढून पाचवा रकाना स्वतःच भरला. बंब: दहापैकी दहा. सेवा: दहापैकी चार. (आक्का दोनच द्यायला तयार होती. रीत दाखवली म्हणून दोन वाढवून घेतले.)