रेघा नसलेला अंगठा

जुना फोन ठेवावा की महागडा घ्यावा, या विचारात मी लाखनी गावातल्या मोबाइल दुकानात उभा होतो. शेजारी एक म्हातारा विणकर सगळ्यात महागड्या फोनवर अंगठा टेकवत होता.

“काकाजी, याच्यातही तुमचा अंगठा उमटून नाही राहिला,” दुकानदार हसला.

“कोशाच्या रेशमी धाग्यानं रेघा खाल्ल्या, बाबू. राशनचं मशीन तांदूळ देत नाही, म्हणते हा माणूस तोच नाही. म्हटलं, महागाच्या मशीनले तरी मी दिसीन.”

तो निघून गेला. त्या फोनच्या काचेवर त्याचा ठसा राहिला होता, गुळगुळीत, एकही रेघ नसलेला. मी फोन उचलला आणि ठसा रुमालाने दोनदा पुसला. तो तिथेच होता.

मी फोन खाली ठेवला. ज्याला तो म्हातारा दिसत नाही, त्याला मी तरी कशाला दिसू?